'गल्ला' आणि 'गल्लाभरू' : एक कौतुक, दुसरी शिवी?

पिटातला प्रेक्षक, कोल्हापूर

मंडळी, एक शंका. परवा एका हिंदी पिक्चरची बातमी वाचली. 'पहिल्याच वीकेंडला तुफान गल्ला!' बातमी लिहिणाऱ्याला एवढा आनंद झालेला, की गल्ला त्याच्याच घरी गेला असावा. त्याच्याच खाली त्याच पिक्चरचं परीक्षण, आणि त्यात समीक्षकांनी पिक्चरला 'निव्वळ गल्लाभरू' म्हणून झोडपलेलं. वर गल्ला भरला म्हणून हार, खाली गल्ला भरला म्हणून मार.

आमच्याकडं गल्ला म्हणजे दुकानातला पैशाचा ड्रॉवर, नाहीतर पोरांचा पैसे साठवायचा मातीचा डबा. 'गल्ल्यावर कोण बसलंय?' असं विचारलं की मालक कोण ते कळतं. मग या साध्यासुध्या शब्दाला 'भरू' चिकटलं की तो एकदम बदनाम का होतो? आणि कोटींच्या बातमीत 'गल्ला' हा शब्द नेमका कशासाठी वापरायचा, याला काही नियम आहे का?

कोशातली वाळवी

गल्ला मूळचा अरबी, फारसीवाटे आपल्याकडं आला. मूळ अर्थ धान्य, शेतीचं उत्पन्न. हिंदीत धान्यबाजाराला अजून 'गल्ला मंडी' म्हणतात. जुन्या मराठी कागदपत्रांतही गल्ला म्हणजे धान्य. मालावरून मालाच्या पैशावर आणि पैशावरून पैशाच्या पेटीवर अर्थ सरकत गेला असावा. आपल्या कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातला धान्याचा व्यापारी म्हणजे दोन्ही अर्थांनी गल्ल्यावर बसलेला माणूस.

'भरू'बद्दल. कर्माला जोडून येणारी अशी '-ऊ' प्रत्ययाची विशेषणं पाहा : वेळकाढू, वेळखाऊ, पोटभरू. सगळी नाक मुरडून बोलायची. पोट भरणं ही गरज आणि पोटभरू ही शिवी, तसंच गल्ल्याचं. 'याला एवढंच येतं' हा भाव त्या रचनेतच आहे. नुसत्या क्रियापदाला '-ऊ' लागला तर मात्र शब्द बरेही निघतात. उदाहरणार्थ टिकाऊ, कमाऊ.

पिटातला प्रेक्षक

'एवढंच येतं' हे पटलं. म्हणजे बातमीदार रक्कम बघून खूश होतो आणि समीक्षक, रकमेशिवाय काही दिसेना म्हणून चिडतो. बघितलेली गोष्ट एकच.

जमाखर्च

मी हिशेबाच्या बाजूनं बोलते. मनोरंजनाच्या बातम्यांत 'गल्ला', 'कमाई', 'उत्पन्न' आणि 'नफा' हे चार शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त बसवतात. अकरावीच्या पोरानं वाणिज्याच्या पेपरात असं लिहिलं तर नापास होईल.

समजा तिकीट 236 रुपयांचं आहे. शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे त्यातले 36 रुपये सरकारचे. उरले 200. यात थिएटरवाला आणि वितरक वाटेकरी. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे-निम्मे वाटून घेतात आणि पुढच्या आठवड्यांत वितरकाचा टक्का उतरत जातो. म्हणजे तुमच्या 236 मधून निर्मात्याच्या दिशेनं निघाले जेमतेम शंभर, तेही वाटेत वितरकाचं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च द्यायचा आहेच.

बातमीत मात्र 236 चा आकडा धरून '100 कोटींचा गल्ला' म्हणतात, आणि शेजारी '60 कोटींत बनलेला चित्रपट' असं लिहून वाचकाला स्वतःच वजाबाकी करायला लावतात. वाचक 40 कोटींचा नफा काढून मोकळा. प्रत्यक्षात त्या निर्मात्याला थिएटरांतून अजून खर्चही सुटलेला नसतो! (ओटीटी आणि टीव्हीचे हक्क विकून तो भरून काढतो, ती गोष्ट निराळी.)

माझं म्हणणं, 'गल्ला' शब्द वाईट नाही, उलट अचूक आहे. दुकानाच्या गल्ल्यात संध्याकाळी जे असतं ते काही मालकाचं नसतं, त्यात मालवाल्याची उधारी असते, भाडं असतं, कर असतो. कराआधीच्या एकूण विक्रीला 'गल्ला' म्हणावं, कर वजा केल्यावर 'निव्वळ गल्ला', आणि वितरकाच्या हातात पडतो तो 'वाटा'. 'कमाई' शब्द निर्मात्याच्या खिशात काही पडेपर्यंत राखून ठेवावा.

तिसरी घंटा

पूर्वी हा घोळ नव्हता, कारण पूर्वी आठवडे मोजायचे. 25 आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, 50 म्हणजे सुवर्ण. आपल्या कोल्हापुरात 1929 साली सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचं बघा. कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली आणि तिचा 1936 चा 'संत तुकाराम' मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. त्यानं किती रुपये जमवले हे आज कुणाला सांगता येतंय? आठवडे मात्र सांगता येतात. दादा कोंडक्यांचंही तेच, लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सव. कोटी कोण मोजत बसलंय.

तेव्हाची क्रियापदंसुद्धा बघा की. पिक्चर 'लागायचा', 'चालायचा', 'उतरायचा'. आता पिक्चर लागत नाही, 'प्रेक्षकांच्या भेटीला' येतो. अंबाबाईची पालखी ललिता पंचमीला त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते, तिला भेट म्हणतात. इथं गाडी काढून, पार्किंगचे पैसे देऊन, चढ्या भावाचं पॉपकॉर्न घेऊन भेटायला आपण जायचं, आणि भेटीला आला म्हणे तो!

लाल माती

तुमी गल्ल्याचं काय ते बगा, पण त्या 'धोबीपछाड'चं कुणीतरी मनावर घ्या राव. ह्या पिक्चरनं त्या पिक्चरला धोबीपछाड दिली, रोज बातमी. धोबीपछाड डाव हाय. समोरच्याला पाठीवर घिऊन खांद्यावरनं खाली आपटायचं, धोबी कापड आपटतो तसं. त्यासाठी दोघं एका आखाड्यात पायजेत, एका वजनाचे पायजेत. हितं एक पिक्चर हजारो पडद्यांवर आणि दुसऱ्या मराठी पिक्चरला दुपारी साडेबाराचा एकच शो. ही कुस्ती न्हवं. खासबागेच्या कुस्ती मैदानात असली जोड लावली तर पब्लिक पंचांना उठवंल.

पिटातला प्रेक्षक

दोघांचे निर्माते एकच निघाले तर तिला नूरा कुस्ती, म्हणजे आधीच निकाल ठरवून केलेली, म्हणायचं का?

लाल माती

व्हय, मग म्हणायला हरकत न्हाई. पण ते बातमीत यायचं न्हाई.

कोशातली वाळवी

'बॉक्स ऑफिस'ला मराठीत 'तिकीटबारी' म्हणतात, तो शब्द कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. छान शब्द आहे. बारी म्हणजे खिडकी, लहान दार. बारी म्हणजे पाळीही. तमाशाच्या संगीत बारीत पार्ट्या पाळीपाळीनं उभ्या राहतात. आणि बारी म्हणजे रांगसुद्धा, पंढरपूरची दर्शनबारी घ्या. थिएटरच्या तिकीटबारीवर तिन्ही अर्थ एकाच वेळी खरे असायचे : रांगेत उभं राहायचं, पाळी आली की हात खिडकीत घालायचा. तोवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली नाही तर.

जमाखर्च

आणि पाटी लागली तर बाहेर उभा ब्लॅकवाला. त्याचा गल्ला मात्र निव्वळ असायचा. जीएसटी नाही, वाटा नाही.

मंगळवार पेठ

मी गेलतो की पद्मा, उमा टॉकीजला, लहान असताना आईबरोबर. बायकांची रांग वेगळी असायची, त्यामुळं शेजारच्या चार घरांची तिकिटं मीच काढायचो. आता मोबाईलवर तिकीट काढताना बारी कुठली न् काय कुठली, वर प्रत्येक तिकिटाला 'सुविधा शुल्क'. सुविधा कुणाची हे लिहीत नाहीत. जमाखर्चताई, हे शुल्क कुठल्या गल्ल्यात धरायचं?

जमाखर्च

पिक्चरच्या गल्ल्यात नाही धरत. ते बुकिंगवाल्याकडं जातं, थिएटरबरोबर करार असेल तसा त्यालाही काही मिळतं. तरीपण प्रेक्षकाच्या खिशातून गेलेच ना. त्याच्या बाजूनं मोजणारा शब्द मराठीत नाही, इंग्रजी बातम्यांतही मला दिसला नाही.

तिसरी घंटा

आहे की. 'भुर्दंड'.

पिटातला प्रेक्षक

बास, हा शब्द घेतला. आता मूळ मुद्द्यावर. वाळवीसाहेबांनी जाता जाता 'कमाऊ' म्हटलं, ते माझ्या डोक्यातून जाईना. 'कमाऊ पोरगा' म्हटलं की लग्नाच्या बाजारात भाव चढतो. चार पैसे मिळवणाऱ्या पिक्चरला आपण 'कमाऊ पिक्चर' का म्हणत नाही? त्यात गल्लाभरूची तुच्छता नाही आणि ब्लॉकबस्टरचा फुगाही नाही.

कोशातली वाळवी

चालेल. फक्त कमाऊ म्हणजे घर चालवणारा. जमाखर्चबाईंच्या हिशेबानं निर्मात्याच्या हातात काही उरलं तरच म्हणता येईल.

जमाखर्च

म्हणजे पहिल्या सोमवारी नाही, सहा महिन्यांनी.

लाल माती

मग बातमी कोण वाचंल?