वडिलांच्या रजिस्टरातल्या नर्तकी: त्या हलत होत्या की थांबल्या होत्या?

स्टुडिओवाल्याची_लेक (शाहूपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत एक लांबट रजिस्टर सापडलं. आत हिशेब नाहीत. रद्दीतल्या परदेशी मासिकांमधली चित्रं कापून खळीनं चिकटवलीत, सगळी नाचणाऱ्या बायकांची, १९०० ते १९३० च्या दरम्यानची. कुणी पातळ झग्यात उडी घेतलेली, कुणी झाडाच्या बुंध्याला बिलगलेली, काही विवस्त्र. खाली वडिलांच्या अक्षरात फक्त उजेडाची टिपणं आहेत: 'डावीकडून खिडकी', 'ढगाळ', 'मागं काळा पडदा'. बायकांची नावं कुठंच नाहीत. काही कात्रणांत फोटोग्राफरचं छापील नाव तेवढं राहिलंय: गेन्थे, स्टायकेन, ब्रिगमन, कॉपित्झ.

माझी मुलगी कथक शिकते. ती चक्कर घेताना शटर १/१००० सेकंद ठेवलं तर घागऱ्याचा घेर प्लास्टरमध्ये ओतल्यासारखा दिसतो. १/१५ ठेवलं तर चेहराच पुसला जातो. या जुन्या फोटोंत मात्र अंगात नाच वाहतोय आणि चेहराही जागेवर आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटा उजेड टिपायला एवढ्या मंद, मग हे जमलं कसं?

दुसरं असं की भाऊ म्हणतो, घरात पोरीबाळी आहेत, ते रजिस्टर जाळून टाक. माझ्या हातून ते होणार नाही. वडील आयुष्यभर गिऱ्हाईक बाईला "ताई, पदर तुमचा तुम्हीच सारखा करा" म्हणत लांब उभे राहायचे. त्या माणसानं ही चित्रं का जपली असतील, हे मला समजून घ्यायचंय.

जुना_कलाशिक्षक (मंगळवार पेठ)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलीच्या पायात आहे. ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तेव्हा क्षणभर काय होतं? पाय थांबतात, मान थांबते, घेर मात्र अजून फिरत असतो. तुम्ही शटर चक्करमध्ये दाबताय, ते समेच्या किंचित नंतर दाबा.

गेन्थे मूळचा बर्लिनचा. आधी सॅन फ्रान्सिस्कोत होता, १९११ मध्ये न्यूयॉर्कला गेला. १९१६ साली त्यानं नाचाच्या फोटोंचं पुस्तक काढलं. आयसाडोरा डंकन, ॲना पाव्हलोवा अशा नर्तकी त्याच्या कॅमेऱ्यासमोर आल्या. नाचातला जो क्षण स्वतःच थोडा थबकतो, तो अशा कामात हेरावा लागतो. उडीतही वर जाणं संपून खाली येणं सुरू व्हायच्या आधी असा एक क्षण असतोच. रंगीत फोटोंना तर तेवढीही सवलत नव्हती. १९०७ मध्ये बाजारात आलेली ऑटोक्रोम प्लेट म्हणजे बटाट्याच्या पिठुळाचे रंगवलेले कण काचेवर पसरलेले. भर उन्हातही तिला सेकंदभर किंवा जास्त उजेड लागायचा. तिथं नर्तकीला पुतळ्यासारखंच उभं राहावं लागे.

आणखी एक युक्ती म्हणजे वारा. १९२१ च्या सुमारास एडवर्ड स्टायकेननं अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर आयसाडोराची शिष्या थेरेस हिचा फोटो घेतला. दोन्ही हात वर करून ती उभी आहे, आणि वाऱ्यानं अंगावरचं वस्त्र ज्वाळेसारखं उठलंय. शरीर थांबलेलं आणि कापड नाचतंय. तुमच्या रजिस्टरात हा फोटो असेल तर वडिलांनी खाली काय लिहिलंय ते जरूर कळवा.

बारा_चक्कर (राजारामपुरी)

मी स्वतः नाचते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. झाडाला बिलगलेली बाई ॲन ब्रिगमनची असणार. ब्रिगमन स्वतः बाई! १९०० नंतरच्या पहिल्या दशकात ती कॅमेरा घेऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरात जायची आणि स्वतःचे, बहिणीचे, मैत्रिणींचे विवस्त्र फोटो काढायची. नंतर निगेटिव्हवर पेन्सिल-रंगानं काम करून अंग आणि खोड एकमेकांत मिसळायची. तुमच्या वडिलांनी रिटचिंगची, म्हणजे निगेटिव्ह दुरुस्त करायची, पेन्सिल चालवली असेल तर त्यांना ते हात लगेच ओळखू आले असणार.

कॉपित्झचा फोटो बहुधा व्हिएन्नाचा, १९२५ च्या सुमाराचा. मागं काळ्या झग्यातल्या तिघी, पुढं मान मागं टाकलेली विवस्त्र नर्तकी. मी ती मान आरशासमोर टाकून बघितलीय. पोट आणि पाठ दोन्ही कामाला लागतात, चार श्वासांत घाम येतो. ते मला नुसतं 'दाखवणं' वाटत नाही, ती मेहनत आहे.

भावाला खिद्रापूरला घेऊन जा. कोपेश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या नायिका आपण लहानपणापासून आईवडिलांचा हात धरून बघत आलोय. आणि याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री' या मूकपटात बायकांच्या भूमिका बायकांना दिल्या, तेव्हा कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या बाईला लोक काय म्हणत असतील याचा विचार भावानंही करावा. मला खटकतं ते एवढंच, की चित्राखाली फोटोग्राफरचं नाव राहतं आणि नाचणारीचं जातं.

स्टुडिओवाल्याची_लेक

काल संध्याकाळी रंकाळ्यावर संध्यामठाजवळ गेलो. वारा भरपूर होता. १/१५, कॅमेरा तिकाटण्यावर. लेक तोंडानं बोल म्हणत होती, "धा" पडला की मी मनात अर्धा श्वास मोजून शटर दाबायची. चाळीसेक फोटो वाया गेले. तीन असे आलेत की चेहरा स्वच्छ आणि ओढणी धुरासारखी. त्यातला एक बघून लेक म्हणाली, "आई, यात मी आहे." आधीच्या फोटोंना ती कधीच असं म्हणाली नव्हती.

काका, थेरेसचा फोटो आहे. खाली वडिलांनी लिहिलंय, 'उजेड पाठून. वारा.'

भावाला ब्रिगमनचं पान दाखवलं, ती बाई कोण ते सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. जाळायचं पुन्हा बोलला नाही, पण ट्रंकेला कुलूप लाव म्हणाला.

मी वडिलांच्याच रिटचिंगच्या पेन्सिलीनं थेरेसखाली तिचं नाव लिहिलंय. अजून सत्तावीस पानं आहेत, एकेक करून इथं टाकते. ज्यांना जी ओळखू येईल तिचं नाव सांगा. आणि खळीला कसर लागलीय, कात्रणं न फाटता सुटतील असा काही उपाय कुणाला माहीत आहे का?