मदत हवी आहे: इलेक्टोरल कॉलेज न्याय्य आहे का?

मंडळी, अमेरिकेचं इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायची त्यांची पद्धत, कोणी समजावून सांगेल का? ५३८ पैकी २७० इलेक्टर (राज्यांतर्फे राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी) मिळाले की जिंकलं एवढं कळतं, पण २०१६ ला हिलरी क्लिंटनना जवळपास २९ लाख मतं जास्त पडूनही ट्रम्प निवडून आले हे मला काही केल्या पटत नाही. वायोमिंगमध्ये सहा लाखसुद्धा लोक नाहीत तरी ३ इलेक्टर, कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी आणि इलेक्टर ५४, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मताची किंमत वायोमिंगच्या मताच्या एक तृतीयांशही राहिली नाही ना? छोट्या राज्यांचा आवाज दबू नये हे मान्य, पण मेन आणि नेब्रास्का सोडलं तर राज्य थोडक्यात जिंकलं तरी सगळे इलेक्टर एकालाच, मग बाकीच्या लाखो मतांचं काय? याच्या बाजूचं पटेल असं कारण असेल तर प्लीज सांगा, खरंच समजून घ्यायचंय.