लिव्हरपूल 2020-21 : नशीब फुटकं की हिशेब कच्चा?

बाकावरचा :
इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या त्या मोसमाचा विषय निघाला की 'बचावातला हुकमी व्हॅन डाइक जायबंदी झाला, काय करणार' म्हणून सगळे मोकळे होतात. मला नाही पटत. 2020 च्या उन्हाळ्यात बचावपटू लोव्रेनला रशियाच्या झेनित क्लबला विकलं आणि बदली कोणीच आणला नाही. सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारे, उरले व्हॅन डाइक, गोमेझ, मातिप. शेवटच्या दोघांच्या दुखापती पोराटोरांना पाठ होत्या. कागदावर तीन, भरवशाचा एक! ऑक्टोबरमध्ये नेमका तोच गेला, नोव्हेंबरात गोमेझ, जानेवारीअखेर मातिप.

गोलपोस्ट :
तिघेही मोसमभरासाठी जातील असं धरून संघ कोण बांधतं हो? चौथा म्हणून मिडफिल्डर फाबिन्यो होताच. सप्टेंबरमध्ये चेल्सीविरुद्ध तो मागे झकास खेळला होता. त्यात कोविड, मैदानं रिकामी, तिकिटांचा पैसा बंद. आणि अ‍ॅस्टन व्हिला क्लबनं 7-2 नं धुतलं तेव्हा व्हॅन डाइक मैदानातच होता, हे सोयीस्कर विसरू नका.

बाकावरचा :
पैसा नव्हता? खेळाडू खरेदीच्या त्याच खिडकीत मिडफिल्डर थियागो आणि फॉरवर्ड जोटा आले की!

उजवी बगल :
दोघेही खाल्लेल्या गोलांवरच अडलात. प्रीमियर लीगमध्ये खाल्लेले गोल आदल्या मोसमातल्या 33 वरून 42 झाले, मारलेले मात्र 85 वरून 68 वर आले. खरी खोट तिथे आली. फाबिन्यो आणि दुसरा मिडफिल्डर हेंडरसन मागे गेले आणि मिडफिल्ड उघडं पडलं. अ‍ॅनफील्डवर म्हणजे घरच्याच मैदानावर लीगमध्ये सलग सहा पराभव, त्या सहांत मिळून एक गोल, तोही सालाहची पेनल्टी. मार्चमध्ये फाबिन्यो पुढे परतला, मागे सेंटर बॅक फिलिप्सच्या जोडीला आधी काबाक, मग रीस विल्यम्स. शेवटच्या दहा सामन्यांत 8 विजय, 2 बरोबरी, तिसरा क्रमांक.

बाकावरचा :
म्हणजे माझंच म्हणणं. चौथा धड सेंटर बॅक हवा होता.

गोलपोस्ट :
अहो, फिलिप्स तर घरातच होता! 31 ऑक्टोबरला वेस्ट हॅमविरुद्ध उतरला, हेडरवर कोणाला जुमानलं नाही. माणूस होता, प्रशिक्षक क्लॉपचा विश्वास बसायला वेळ लागला.

उजवी बगल :
विश्वास बसत नव्हता तो उगाच नाही. क्लॉपची बचावफळी मध्यरेषेजवळ उभी राहायची, मागे मोकळं रान. तिथे फिलिप्सचा वेग पुरायचा नाही. डोकी मोजून राखीव फळी कळत नाही, बदली खेळाडू त्याच पद्धतीत खेळू शकतो का ते बघायचं. प्रेस्टन क्लबातून घाईत आणलेला सेंटर बॅक बेन डेव्हिस तर एकही अधिकृत सामना खेळला नाही.

बाकावरचा :
म्हणून तर 2021 मध्ये सेंटर बॅक कोनाते घेतला. पुढच्या मोसमात लीगमध्ये फक्त 26 गोल खाल्ले.

गोलपोस्ट :
कोनाते लीगमध्ये बहुतेक वेळ बाकावर होता, राव. व्हॅन डाइक आणि मातिप जवळपास अख्खा मोसम धडधाकट राहिले. ह्याला तुम्ही नियोजन म्हणणार?