जिभेखालच्या गोळीचं काय?
इथे काहींनी लिहिलंय की लिंगाच्या ताठरतेसाठी घेतात त्या सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्यांमध्ये फरक फक्त असर टिकण्याच्या वेळेचा, एक चार-पाच तास आणि दुसरी दीड दिवस. ते बरोबरच आहे, पण हा जास्तीचा वेळ अंगाशी येऊ शकतो हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. या गोळ्या पीडीई-५ हे एन्झाइम अडवतात त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेट, तीही त्याच वाटेने काम करते, दोन्ही एकत्र झाल्या की बीपी धाडकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. (सिल्डेनाफिल मुळात इंग्लंडात अंजायनासाठीच, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी, तपासत होते, १९९८ मध्ये परवानगी मिळाली ती ताठरतेच्या या वेगळ्याच कामासाठी.)

माझ्या काकांना मागे छातीत दुखायला लागलं, शेजारच्यांनी लगेच सॉर्बिट्रेट पुढे केली, तेव्हा त्यांनी आदल्या रात्री टाडालाफिल घेतल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, लाजेने घरी बोललेच नव्हते. नशीब की त्यांनी स्वतःच हात धरून थांबवलं आणि हॉस्पिटलात डॉक्टरांना सगळं सांगितलं. कृपा करून निदान बायकोला तरी सांगून ठेवा.