शब्दचर्चा : ‘सायटोकाइन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : कर्करोगाच्या उपचारांवरील मराठी लेखांत इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन या सायटोकाइनांना (म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या प्रथिनांना) कुठे ‘संप्रेरके’, तर कुठे ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी प्रथिने’ म्हटलेले आढळते. यांपैकी योग्य काय?

उत्तर : माझ्या मते दोन्ही टाळावेत. ‘संप्रेरक’ हा शब्द हार्मोनसाठी पक्का रुळलेला आहे, आणि संप्रेरक म्हटले की ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत जाणारा पदार्थ डोळ्यांसमोर येतो. सायटोकाइन अनेक प्रकारच्या पेशींत तयार होते आणि ते बहुधा अत्यल्प प्रमाणात, आसपासच्याच पेशींवर, थोडा वेळ काम करते. हा भेद निव्वळ व्याख्येचा नाही, कारण उपचारातील मुख्य अडचण त्यातूनच उद्भवते. इंटरल्युकिन-२ शरीरातून लवकर निघून जात असल्याने त्याची मोठी मात्रा शिरेतून पुन्हा पुन्हा द्यावी लागते; मग एरवी एका जागेपुरता राहणारा परिणाम शरीरभर होतो, केशवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्तदाब घसरतो आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवावे लागते. तरीही अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी १९९२ मध्ये आणि मेलानोमासाठी (त्वचेच्या एका कर्करोगासाठी) १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली, कारण मोजक्याच रुग्णांत का होईना, गाठी पूर्ण नाहीशा होऊन वर्षानुवर्षे परतल्या नव्हत्या.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ हे वर्णन तर मला अधिक घातक वाटते. इंटरल्युकिन-२ मुळे कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढतात, तशाच त्या हल्ल्याला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही वाढतात. शिवाय आजारी माणसाच्या घरच्यांना हे एखादे शक्तिवर्धक असावे असे वाटू शकते, आणि तसे वाटू देणे योग्य नाही. पहिल्या उल्लेखात ‘प्रतिकारपेशींची संदेशवाहक प्रथिने, म्हणजे सायटोकाइन’ असे लिहावे आणि पुढे ‘सायटोकाइन’च ठेवावे.

पूरक प्रश्न : मग ‘इंटरफेरॉन’साठी व्युत्पत्तीवरून मराठी शब्द घडवावा का?

उत्तर : घडवू नये. आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये हे नाव दिले ते विषाणूंच्या वाढीत येणाऱ्या अडथळ्यावरून; १९८६ मध्ये इंटरफेरॉन-अल्फा हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर मान्य झाले, तिथे विषाणूचा संबंधच नव्हता. ‘विषाणुरोधक’ असा शब्द केला, तर कर्करोगाच्या रुग्णाला तो का दिला जातो, हे वाचकाला उमगणार नाही.