विळीला शिव्या, कुंद्याला नावं, आणि आम्ही गप्प बसायचं?

वडगावकर
परवा आपल्यातल्याच, पण पुण्यात घर केलेल्या एका माणसाने इथं लिहिलं. थोडक्यात असं: विळी ही जमिनीवर ठेवून पायाखाली धरायची वस्तू, त्यामुळे अस्वच्छ, बेळगावातल्या घरांतून ती आता काढून टाका, चार हजारांची जपानी सुरी घ्या, स्वयंपाक बदलेल. शेवटी जाता जाता एक चिमटा: कुंद्याबरोबर, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या गोडाबरोबर, मिरचीभजी खाणाऱ्यांनी चवीवर बोलू नये.

दोन दिवस सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी विळीवर बसूनच कोबी चिरत होतो, तेव्हा परत आठवलं आणि डोकं फिरलं.

माझ्या मेहुण्याने घेतली होती असली सुरी. डब्यात मखमल, पात्यावर लाटांसारखी नक्षी. पहिल्या आठवड्यात ग्रॅनाइटच्या ओट्यावर, खाली फळी न घेता, कोथिंबीर चिरली. दुसऱ्या आठवड्यात तिनेच खोबऱ्याची वाटी फोडायला गेला. धारेचा टवका उडाला, तांदळाच्या दाण्याएवढा. आता ती सुरी डब्यातच असते आणि पाहुणे आले की बाहेर येते. असली पाती कडक असतात आणि धार बारीक कोनात काढलेली असते, म्हणून झकास चालतात, आणि त्याच कारणाने तुटतात पण. हे त्या पोस्टीत कुठं होतं?

आमची विळी लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून केलेली आहे. आजीच्या लग्नातली. गंजते, होय. काम झालं की पुसून ठेवायची, एवढीच तिची मागणी. पाट पायाने दाबून धरला की दोन्ही हात मोकळे. लग्नघरात पन्नास माणसांची अळूची भाजी सुरीने चिरून दाखवा, मग बोलू.

आणि चवीचं म्हणाल तर चव सुरू होते धारेपासून. बोथट पात्याने कांदा चिरडला जातो, पाणी सुटतं, उग्र होतो, डोळे वेगळे झोंबतात. धार असेल तर तोच कांदा गोडसर लागतो. उभा चिरला तर आणखी सौम्य. हे चार हजारांत मिळत नाही, धारवाल्याकडे मिळतं.

टिळकवाडी_ते_कोथरूड
ती पोस्ट माझी. नाव घेऊन शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं, मर्दा.

माझी आई अडुसष्ट वर्षांची. गुडघ्यांना खाली बसायची बंदी आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं, मी नाही. तरी विळी सोडली नाही. मी गावी आलो की बघतो: ओट्याला धरून उठते, मध्ये थांबते, मग परत उठते. म्हणून लिहिलं. 'आजीच्या लग्नातली' म्हणून गळे काढणाऱ्यांनी आजी कशी उठायची तेही लिहावं.

आणि ग्रॅनाइटवर सुरी चालवणाऱ्या मेहुण्याचा दोष सुरीवर कशाला? लाकडी फळी घ्या म्हटलं होतं मी, तिसऱ्या ओळीत.

वडगावकर
गुडघ्यांचं मान्य. तेवढंच मान्य. 'अस्वच्छ' हा शब्द अजून तिथंच आहे तुझ्या पोस्टीत.

निपाणीची_सून
किती छान. दोन पुरुष विळीवर भांडूलालेत. आता हात वर करा बघू, तुमच्यापैकी रोज विळीवर कोण बसतं? वडगावकर, तुमचा 'कोबी चिरत होतो' तो रविवारचा कोबी ना?

मी डावखुरी. माहेरी विळी होती, कधी त्रास झाला नाही, कारण विळीला डावं-उजवं नसतं, भाजी आपण नेतो पात्याकडे. सासरी आले तर घरात दोन सुऱ्या आणि विळी सासूबाईंची. विळीला हात लावायचा नाही. 'तुझा हात उलटा, कापून घेशील.' मग पाव कापायची दातेरी सुरी हातात दिली. ती एकाच बाजूने घासलेली असते, उजव्या हातासाठी. माझ्या हातात पाव तिरका जायचा, एका टोकाला जाड, दुसऱ्याला पापड. सहा महिने ऐकून घेतलं की हिला पावसुद्धा कापता येत नाही.

विकत घेणाऱ्यांनी एवढंच बघा: धार दोन्ही बाजूंनी आहे का. आणि मूठ आपल्या हाताला बसते का ते धरून बघा, फोटो बघून नको. दुकानात सुरी धरू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

वडगावकर
शनिवारचापण असतो कोबी.

निपाणीची_सून
बरं बाई, शनिवारचा पण. नोंद झाली.

चिक्कोडी_एक्स्प्रेस
सुऱ्या-विळ्या राहू दे बाजूला. त्या पोस्टीतलं एकच वाक्य बरोबर होतं आणि त्यावर कुणी बोलूना गेलंय. कुंद्याबरोबर मिरचीभजी? अरे कुंदा म्हणजे तासन्‌तास दूध आटवून, साखर जाळून तपकिरी केलेली वस्तू. त्याच्यावर तेलकट, तिखट भजी? हे म्हणजे पैठणीने फरशी पुसण्यातलं काम. कुंदा एकटा खायचा. चमच्याने. गप्प बसून.

खानापूर_घाट
चिक्कोडीकरांनी गोडावर बोलावं हे ऐकून बरं वाटलं.

साधी गोष्ट आहे. मिरचीची आग पाण्याने जात नाही, दुधाने जाते, कारण दुधातला स्निग्धांश आणि केसीन ती आग ओढून घेतात. कुंदा म्हणजे खवा. म्हणजे एका घासात दुखणं आणि पुढच्या घासात औषध. आम्ही पावसात दुकानाच्या फळीवर बसून गिरमिट (मसाला लावलेले चुरमुरे), भजी आणि शेवटी कागदावर कुंदा असं खात आलोय. पोटात काही झालं नाही, उलट चहाची गरज लागली नाही.

विचित्र जोड्या बघायच्या असतील तर या आमच्याकडे. कोवळ्या फणसाच्या भाजीत सुकट. पहिल्यांदा खाणारा नाक मुरडतो, दुसऱ्यांदा कढई विचारतो. फणस स्वतः काही बोलत नाही, सुकट त्याच्या तोंडून बोलते. केळं कुस्करून शेंगाचटणी वर दही, भाकरीबरोबर. गोड, खारट, आंबट, तिखट एका ताटात. मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडवा वर काढतं, म्हणूनच कलिंगडाला मीठ लावतात, का दुसरं काय?

चिक्कोडी_एक्स्प्रेस
केळं आणि शेंगाचटणी. बस. मी तक्रार कुणाकडे करू?

निपाणीची_सून
मीठ लावलेलं कलिंगड चिक्कोडीत खात नाहीत का? खात असाल तर तुम्ही आधीच आमच्या बाजूचे.

चिक्कोडी_एक्स्प्रेस
कलिंगड वेगळं. कलिंगड फळ आहे. केळं पण फळच, हे माहीत आहे, कुणी सांगू नका.

गोकाक_धबधबा
तुमच्या विळीला आमच्याकडे ईळगी म्हणतात, ईळगीमणी. आणि ती काही मराठी माणसांनी लावलेला शोध नाही. गोकाक, घटप्रभा, सगळीकडे आहे. पाती कुठली म्हणता? पोलादाला कन्नडात उक्कु म्हणतात. ज्या भारतीय पोलादाला जग वूट्झ म्हणून ओळखतं, तो शब्द ह्याच उक्कुवरून आला असं मानतात. म्हणजे भांडण करा, पण पातं कुणाचं ते विसरू नका.

टिळकवाडी_ते_कोथरूड
झालं. आता हे १ नोव्हेंबरपर्यंत, कर्नाटक राज्योत्सवापर्यंत चालणार. २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, आता विळीची ईळगी करा. पाटी लावा तिच्यावर.

गोकाक_धबधबा
मी शिवी दिली का? शब्द सांगितला. पुण्यात बसून पाटीची आठवण येते तुला, इथं आम्ही दोन्ही भाषांत भाजी घेतो. आमची आई 'ईळगी आण' म्हणते आणि शेजारच्या मावशी 'ईळी आण' म्हणतात, आणि दोघी एकाच ईळीवर खोबरं खवतात. कारण शेजारणीच्या खवणीचे दात गेलेत.

वडगावकर
'ईळी' आमची आजीपण म्हणायची. 'विळी' ती शाळेच्या पुस्तकात. हे तुझं बरोबर आहे. आवडलं नाही, पण बरोबर आहे.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
उशिरा आलो, पाळी होती. फाउंड्रीच्या शेजारच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम करतो, म्हणून थोडं बोलतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

पातं किती कडक हे पाणी देण्यावर असतं. लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ होतं. मग परत थोडं तापवून तो ठिसूळपणा काढायचा. ही दुसरी पायरी चुकली की टवका. वडगावकरांच्या मेहुण्याच्या सुरीत ती चुकली असेलच असं नाही, खोबऱ्याला कुठलंच बारीक पातं लावू नये.

युरोपी पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ रॉकवेलच्या आसपास असतात. रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप, आकडा जास्त तेवढं पातं कडक. धार लवकर झिजते, पण वाकली तर पोलादी कांडीवर सरळ होते. जपानी ६० आणि वर. धार टिकते, पण लाडात वाढवावी लागते. ह्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूला साधारण १५ अंशांचा कोन असतो, जाड कामाच्या सुरीला २०. कांडी धार लावत नाही, वाकलेली धार सरळ करते, हे लोकांना कितीही सांगा. धार लावायला दगडच. घरासाठी १,००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगड किती बारीक ते) एक दगड बास.

आम्ही एकदा गमतीने गल्लीतल्या बाजारातून आणलेली पन्नास रुपयांची स्टीलची सुरी मशीनवर लावली. काटा ५०च्या खाली राहिला. लोण्यासारखी. म्हणजे पन्नास रुपयांतही फसवणूक असते आणि चार हजारांतही, फक्त डबा वेगळा. माझ्या घरी? आठ इंची एक, साधी, कडक प्लास्टिकच्या मुठीची, आणि लहान सोलायची एक. विळी पण आहे. बायको विळीवर, मी फळीवर. भांडण होत नाही, कारण आमच्याकडे रविवारीच मी चिरतो.

निपाणीची_सून
अजून एक रविवारचा सापडला.

खानापूर_घाट
रॉकवेलने फणस चिरता येतो का ते सांगा. आमच्याकडे आधी पात्याला आणि हाताला तेल लावतात, मग चिरतात. नाहीतर चीक असा बसतो की आठ दिवस बोटं एकमेकांना सोडत नाहीत. पुण्याहून आलेला एक पाहुणा तेल न लावता उत्साहाने फणस कापायला बसला. रात्री जेवताना ताटाला हात चिकटला. सुरी तीच, चार हजारांची. टिळकवाडीकर, तो तूच नव्हतास ना?

टिळकवाडी_ते_कोथरूड
नव्हतो. (होतो. पण सुरी अडीच हजारांची होती.)

बरं, 'अस्वच्छ' काढतो. विळी वर ओट्यावर घेता येत नाही आणि आईला खाली बसवत नाही, माझं भांडण तिथंच होतं. कुंद्याच्या वाक्याबद्दल मात्र माघार नाही.

वडगावकर
तेच वाक्य तर काढायला पाहिजे होतं, लेका.

चिक्कोडी_एक्स्प्रेस
काढू नको! ठाम रहा.

गोकाक_धबधबा
कुंदा-भजी सोडा. करदंट (आमची डिंक-सुकामेव्याची मिठाई) आणि लिंबाचं लोणचं एकदा खाऊन बघा. डिंक दाताला लागतो तेव्हा आंबट फोड तोंड सोडवते. कुणाला सांगू नका मी सांगितलं म्हणून.

चिक्कोडी_एक्स्प्रेस
आज ह्या धाग्यावर पुन्हा येणार नाही.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
टिळकवाडीकर, पुढच्या वेळी गावी आलास की ती अडीच हजारांची सुरी घेऊन ये. पहिल्या पाळीत मशीन मोकळं असतं, किती कडक आहे बघू. पात्यावर मोहरीहून बारीक खूण उमटेल, चालत असेल तर.

निपाणीची_सून
माहेरची विळी आणली तर चालेल? आईने परवाच दिली, सासूबाईंना अजून सांगितलं नाही.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
चालेल की. पण पाटापासून पातं सोडवून आणा, अख्खी विळी मशीनवर मावत नाही. आणि पिशवीत गोणपाटात गुंडाळून, बसमध्ये कुणाच्या पायाला लागेल.