हॉटेलच्या टीव्हीवर आपली घरची लायब्ररी बघायचीय, सोबत काय न्यायचं?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं मार्केटिंग बघतो, त्यामुळं हैदराबाद, सुरत, इंदूर असं फिरणं कायमच. पुढच्या महिन्यापासून आईपण हैदराबादला सोबत येणार आहे, तिच्या गुडघ्याचं दाखवणं तिथं आहे, दवाखाना सकाळी उरकतो आणि मग मी दिवसभर पार्ट्यांकडं आणि ती रूमवर एकटी.

घरी जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन (आपलेच व्हिडिओ टीव्हीवर, मोबाइलवर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकलंय. बाबांनी कॅमेऱ्यावर काढलेली घरातली लग्नं, मुंजी, सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेचं शूटिंग असं सगळं कॅसेटवरनं कॉम्प्युटरवर घेतलंय, शिवाय विकत घेतलेल्या व्हीसीडींवरची कीर्तनं आणि नाटकं पण आहेत. बाबा आता नाहीत, त्यामुळं आईला ते शूटिंग बघायला लई आवडतं, मध्ये मध्ये त्यांचा आवाज येतो त्यात. घरच्या टीव्हीवर सगळं व्यवस्थित चालतं, पण मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर तिला नीट दिसत नाही आणि धरून धरून हात दुखतो.

मागच्या हॉटेलात पेनड्राइव्ह लावला तर टीव्ही काहीच दाखवेना, रिमोटला सोर्सचं बटणच नव्हतं, आणि कास्ट करायला, म्हणजे मोबाइलवरचं टीव्हीवर पाठवायला गेलो तर मोबाइलला टीव्ही सापडेना, दोन्ही एकाच वायफायवर असून. बजेट चार-पाच हजार. मी नसताना आईला एका रिमोटवर जमलं पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

सातरस्ता_ते_हिंजवडी

दादा, कास्टचं कारण सरळ आहे. हॉटेलचं वायफाय मुद्दाम असं सेट केलेलं असतं की एका पाहुण्याचं डिव्हाइस दुसऱ्याला दिसू नये. ते बरोबरच आहे, नाहीतर शेजारच्या रूममधला कुणीही तुमच्या टीव्हीवर काहीही लावेल. पण त्यामुळं तुमचा मोबाइल आणि तुमचाच टीव्ही पण एकमेकांना दिसत नाहीत. वर परत ते लॉगिनचं पान, रूम नंबर टाका, ओटीपी टाका. जुन्या क्रोमकास्टला (फायर स्टिकसारखंच टीव्हीच्या एचडीएमआयला लावायचं छोटं डिव्हाइस) ते पान उघडायला ब्राउझरच नाही त्यामुळं तो तिथंच अडकतो, फायर स्टिक ते पान उघडते पण रिमोटनं एकेक अक्षर टाइप करत बसायचं.

मी ट्रॅव्हल राउटर वापरतो, तळहातावर मावेल एवढा असतो आणि मोबाइलच्या चार्जरवर चालतो. तो हॉटेलच्या वायफायला जोडायचा, मग आपला मोबाइल राउटरला जोडून लॉगिनचं पान एकदा भरायचं, की हॉटेलला ते सगळं एकच डिव्हाइस वाटतं. राउटरच्या वायफायला नाव आणि पासवर्ड घरचंच द्या, म्हणजे स्टिक, मोबाइल, टॅब सगळं आपोआप जोडलं जातं आणि कास्ट पण चालतं कारण मधलं नेटवर्क आपलं असतं. घरचं जेलीफिन बाहेरून बघायला टेलस्केल टाका, ते आपली घरची आणि बाहेरची डिव्हाइस एकाच खाजगी नेटवर्कवर आणतं, घरच्या राउटरवर पोर्ट उघडायची भानगड नाही, आणि आपल्याकडं बऱ्याच कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही तिथंपण ते चालतं. घरगुती वापराला फुकट आहे.

केबल_ते_फायबर

मी हॉटेल-लॉजला टीव्ही बसवायचं काम करतो, सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळीकडं. तुमचा पेनड्राइव्ह का चालला नाही ते सांगतो.

मोठ्या हॉटेलातल्या टीव्हीत हॉटेल मोड असतो. त्यात आवाजाची कमाल मर्यादा, चालू केल्यावर कुठलं चॅनल लागायचं, कुठला इनपुट उघडा आणि कुठला बंद, यूएसबी चालू ठेवायचं का नाही, सगळं आम्ही एकदाच ठरवून देतो. हे केलं नाही तर दर दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला फोन येतो की टीव्ही लागत नाही, आणि बघायला जावं तर आधीच्या पाहुण्यानं इनपुट बदलून ठेवलेला असतो. आपल्याकडच्या यात्रेच्या गावांतल्या लॉजवर बहुतेक साधाच घरगुती टीव्ही असतो, तिथं पेनड्राइव्ह बिनधास्त चालेल. हैदराबादला मात्र लॉक धरूनच चला. आणि यूट्यूबवर बघून तो सर्व्हिस मेनू उघडायला जाऊ नका, एखादी सेटिंग हलली तर टीव्ही चॅनलच दाखवत नाही आणि नंतर पोरांना रूमवर जाऊन सगळं परत बसवावं लागतं.

आता उपाय. टीव्हीला सेटटॉप बॉक्स असेल तर त्याची एचडीएमआय केबल बॉक्सच्या बाजूनं काढा, टीव्हीच्या मागं हातच लावू नका. ती केबल आपल्या डिव्हाइसला लावा. टीव्ही ज्या इनपुटवर लॉक आहे त्याच इनपुटवर तुमचं चित्र येणार, सोर्स बटणाची गरजच नाही. स्टिक असेल तर मध्ये दोन्हीकडनं मादी असलेला एचडीएमआय कपलर लागतो, फार महाग नसतो. निघताना केबल होती तशी परत लावा एवढंच.

बॉक्स नसेल, भिंतीतनं नुसती केबल आली असेल तर टीव्हीचंच एचडीएमआय शोधायला लागतं. टीव्ही भिंतीला चिकटलेला असतो, हात जात नाही, म्हणून हातभर एक्स्टेंशन ठेवा. कंपनीच्या लोगोखाली मधोमध हात फिरवून बघा, बऱ्याच टीव्हीला तिथं एक बटण असतं, त्यातनं इनपुट बदलता येतो, तेपण लॉक केलेलं नसेल तर.

आणि स्टिकला करंट टीव्हीच्या यूएसबीतनं देऊ नका. जुन्या टीव्हीच्या पोर्टमधनं अर्धा अँपियर मिळतो, स्टिकला एक लागतो, मग ती मधेच बंद होऊन परत चालू होत राहते. तिचा ॲडॉप्टर थेट प्लगला. त्यातपण एक बघा, बऱ्याच रूममध्ये कार्ड काढलं की सगळे प्लग बंद होतात, आई रूममध्ये असताना कार्ड खाचेतच राहू द्या.

भागवत_टॉकीज_जवळ

वरचे दोघं बरोबर सांगतायत पण मला एक मनापासून वाटतं, आई एकटी असताना घरच्या सर्व्हरवर अवलंबून राहूच नका. सोलापुरात लाईट गेली की डेस्कटॉप बंद, तो परत चालू कोण करणार? (बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती करून ठेवा, ते वेगळं.) हॉटेलचं नेट संध्याकाळी सगळे पाहुणे आले की रडतं. दोन तासांची चार जीबीची फाइल अडखळल्याशिवाय बघायची तर सलग साडेचार एमबीपीएस तरी लागतात, तेपण घरून अपलोड आणि हॉटेलात डाउनलोड दोन्हीकडं.

तुमच्या मटेरियलला नेटची गरजच काय? ते रोज बदलत नाही. यूएसबी पोर्ट असलेला छोटा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घ्या, तुमच्या बजेटमध्ये बसेल, त्यात व्हीएलसी प्लेअर टाका, मागं १२८ जीबीचा पेनड्राइव्ह. वायफाय नसलं तरी चालतं. वर सांगितलेली केबलची युक्ती याला आणखीन सोपी पडते कारण बॉक्सला साधी केबल थेट बसते, कपलर पण नको. फोल्डरची नावं मराठीत द्या, 'ताईचं लग्न', 'गड्डा', 'कीर्तन', आई वाचून बटण दाबेल.

फक्त एक विचारतो, कॅसेटवरनं घेतलेल्या फाइली कुठल्या प्रकारच्या आहेत?

टॉवेलवाला_सोलापूर

काही एव्हीआय आहेत, एका तासाची तेरा जीबी अशा भयंकर मोठ्या, काही एमपीजी. घरी जेलीफिन आपलं आपण काहीतरी करून दाखवतं त्यामुळं कधी बघायची वेळच आली नाही. बॉक्सची कल्पना एकदम पटली ओ, आईच्या हातात एकच रिमोट राहील. पण या फाइली अशाच पेनड्राइव्हवर टाकल्या तर चालतील का?

भागवत_टॉकीज_जवळ

तशाच टाकू नका. तुमच्याकडं जेलीफिन त्या चालवता चालवता बदलून देतं, ती ताकद छोट्या बॉक्समध्ये नसते. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एमपी४, एच२६४ आणि आवाजाला एएसी निवडा, तेरा जीबीची दीड जीबीच्या आत येईल आणि कुठल्याही टीव्हीवर चालेल. फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा, नाहीतर जुन्या शूटिंगमध्ये कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. आकार ४:३ च ठेवा, कडेला काळे पट्टे आले तर येऊ देत. हॉटेलच्या टीव्हीवर झूम लावून ठेवलेलं असेल तर लग्नात उभ्या माणसांची डोकीच कापली जातात, ते आधी बघून घ्या.

आणि कृपा करून मूळ एव्हीआय पुसू नका, जागा लागली तर वेगळी हार्डडिस्क घ्या, पण त्या ठेवाच. कॅसेटची टेप वर्षागणिक खराब होत जाते, परत काढायला जाल तेव्हा आत्ता आहे एवढंपण चित्र मिळेलच असं नाही. बाबांचा आवाज आहे म्हणालात त्यात. एक कॉपी घरी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं, एवढं आजच करा, बॉक्स पुढच्या आठवड्यात आला तरी चालेल.

सातरस्ता_ते_हिंजवडी

हे मान्य, आईसाठी पेनड्राइव्हच बरा. राउटर आणि टेलस्केल स्वतःसाठी ठेवा, इंदूर-सुरतला एकटे असाल तेव्हा. कुणी प्लेक्स (जेलीफिनसारखंच सॉफ्टवेअर) सुचवलं तर लक्षात असू द्या, एप्रिल २०२५ पासून घरच्या नेटवर्कबाहेरनं आपलेच व्हिडिओ बघायला पण त्यांचा पास लागतो, म्हणजे पैसे. जेलीफिनला तसलं काही नाही, आहे तेच चालू ठेवा.

अजून एक, हॉटेलच्या स्मार्ट टीव्हीत स्वतःचं जीमेल किंवा कुठलंही अकाउंट टाकू नका, गडबडीत लॉगआउट राहून जातं. स्वतःचा बॉक्स असला की तो प्रश्नच मिटतो, अकाउंट बॅगेत परत येतं.

टॉवेलवाला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. हँडब्रेकला पहिली फाइल आत्ताच लावली, डेस्कटॉप जुना आहे, रात्रभर चालू दे म्हणलं. केबलवाल्या दादांना एक विचारायचं राहिलं, सेटटॉप बॉक्स टीव्हीच्या मागंच चिकटवलेला असला तर?

केबल_ते_फायबर

मग दुहेरी टेपनं नाहीतर क्लिपनं अडकवलेला असतो. ओढू नका. रिसेप्शनला फोन करून सांगा, आईसाठी आमचा बॉक्स लावायचाय, मेंटेनन्सचा माणूस पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे, बहुतेक जण करून देतात, आणि निघायच्या दिवशी तोच येऊन परत लावून जाईल. शक्यतो रूम बुक करतानाच सांगून ठेवा, दुपारी शिफ्ट बदलते तेव्हा माणूस मिळत नाही.